कुरवांचा हिवाळा आणि एका कलहंसाची नोंद

पक्षी ओळखायच्या पुस्तकातलं कुरवांचं, म्हणजे सीगल पक्ष्यांचं, पान उघडायचं, राखाडी-पांढऱ्या-तपकिरी रंगांच्या एकसारख्या चित्रांवरून नजर फिरवायची आणि पान उलटून बगळ्यांकडे वळायचं, हे आपल्याकडच्या बहुतेक पक्षीनिरीक्षकांनी कधी ना कधी केलेलं आहे. या हिवाळ्यात आम्ही तिघांनी ठरवून तेच पान धरून ठेवलं. ऑक्टोबर ते मार्च, किनाऱ्यावर कुरव आणि धरणांच्या फुगवट्यावर हंस, एवढंच बघायचं आणि जे सापडेल त्याची नोंद तपासणीत टिकेल अशी करायची. जानेवारीत उजनी धरणावर पट्टकादंबांच्या (बार-हेडेड गूज) थव्यात एक कलहंस (ग्रेलॅग गूज) सापडला, त्याची नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तपासणीत थांबली आणि फेब्रुवारीत मान्य झाली. यात काय लागलं, किती थांबावं लागलं, खर्च काय आला आणि ओळख नेमकी कुठे अडते, ते क्रमाने लिहिते आहे. पुढच्या ऑक्टोबरात कुणाला सुरुवात करायची असेल तर उपयोग होईल.

साहित्याचं आधी सांगते. थव्यातला वेगळा पक्षी हेरायला ८×४२ ची दुर्बीण पुरते. ओळख पक्की करायला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवर लावायची एकनळी दुर्बीण लागते, कारण हंस क्वचितच चारशे मीटरच्या आत येऊ देतात. नवा चांगला स्कोप लाखाच्या पुढे जातो. आम्ही २०-६० पट मोठं दाखवणारा, ८० मिलिमीटर भिंगाचा वापरलेला स्कोप तिघांत मिळून २६ हजारांना घेतला. तिवईवर ७ हजार गेले आणि ते वाचवू नका असं माझं ठाम मत आहे. किनाऱ्यावर वारा असतो, हलकी तिवई थरथरते आणि ४० पटीच्या वर चोचीवरचा काळा डाग आहे की नाही हे सांगताच येत नाही. कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटर किंवा जास्तीची लेन्स असावी. कुरवांच्या बाबतीत कॅमेरा ही चैन नाही. उडत्या पक्ष्याच्या पंखाच्या टोकाची नक्षी डोळ्यांना अर्धा सेकंद दिसते, फोटोत ती मोजता येते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: भरती आणि लहान कुरव

सुरुवात अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यापासून केली. मागे सुरूची झाडी, पुढे सपाट पुळण, आणि ओहोटीला पाणी खूप आत जातं. इथे आणि कोकणातल्या कुठल्याही पुळणीवर पहिला प्रश्न पक्ष्यांचा नसतो, पाण्याचा असतो. पूर्ण ओहोटीला कुरव पार पाण्याच्या कडेला, अर्धा किलोमीटर आत बसतात. भरती चढू लागली की तेच थवे हळूहळू आपल्याकडे सरकतात. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास सर्वांत चांगले.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत आजही चालते: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला ९. दहा-वीस मिनिटं इकडे-तिकडे होतात, पण बेत आखायला पुरतं. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्यायची. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्यावर सरळ उजेड पडतो. दुपारनंतर सगळे कुरव काळ्या सावल्या होतात. म्हणजे भरती सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान हवी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी पूर्ण वर चढत नाही आणि पक्षी लांबच राहतात. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पण भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि तोवर वाळूवरची हवा तापून स्कोपमधलं चित्र थरथरायला लागतं. उरल्या एकादशी, द्वादशी, त्रयोदशी. आमचे किनाऱ्यावरचे बहुतेक दिवस याच तिथींना ठरले.

आक्षीला जायचा खर्च फार नाही. मुंबईहून लाँचने मांडवा, तिथून अलिबाग, पुढे रिक्षा. मात्र सकाळची भरती गाठायची तर आदल्या रात्री मुक्काम करावा लागतो. साध्या खोलीचे आम्ही हजार-बाराशे दिले. शनिवार-रविवारी हा दर दुप्पट होतो आणि किनाऱ्यावर घोडे, गाड्या, माणसं यांनी थवे उठतात. शक्य असेल तर आठवड्यातला मधला दिवस घ्या.

पहिला महिना फक्त दोन कुरवांना द्यावा: तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा. नावातली डोकी हिवाळ्यात नसतात, दोघांचंही डोकं पांढरं आणि कानामागे काळसर ठिपका. तपकिरी डोक्याचा अंगाने थोडा मोठा, चोच जाड. डोळ्यावर बरेच जण भर देतात: प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाची बुबुळं फिकी, काळ्या डोक्याच्याची गडद. हे खरं आहे, पण प्रौढांपुरतंच. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लाचे डोळेही गडदच असतात. त्यामुळे गडद डोळा दिसला की लगेच नाव लिहायचं नाही, पक्षी उडेपर्यंत थांबायचं.

पंख उघडला की शंका उरत नाही. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची बाहेरची, पुढची कड लांब पांढऱ्या पाचरीसारखी असते. पिल्लातही ती दिसते, फक्त कडेला काळ्या रेघा असतात. तपकिरी डोक्याच्याचं पंखाचं टोक चांगलं रुंद काळं, आणि प्रौढात त्या काळ्यात पांढरे मोठे ठिपके, ज्यांना सगळे ‘मिरर’ म्हणतात. पिल्लात मिरर नसतात, टोक सलग काळं असतं. खालून बघितलं तरी त्याच्या टोकाची पिसं गडदच.

तिसरा, सडपातळ चोचीचा कुरव, संख्येने कमी. याचं कपाळ उतरतं, मान लांब, डोळा फिका, कानामागचा ठिपका अगदी पुसट किंवा नाहीच. पंख मात्र काळ्या डोक्याच्या कुरवासारखा, पुढच्या कडेला पांढरा. म्हणून इथे उलट करायचं: उडताना नाही, पोहताना आणि उभा असताना डोक्याचा आकार बघायचा. गोव्यात मोरजीला, शापोरा नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. तिथे लहान-मोठे कुरव एकत्र बसतात आणि शेजारी-शेजारी तुलना करायला ती जागा फार उपयोगी पडते.

फोटोचं एक तंत्र सुरुवातीलाच अंगवळणी पाडा. पांढऱ्या पक्ष्यावर कॅमेऱ्याने स्वतः प्रकाश ठरवला तर पांढरा भाग जळतो आणि पाठीचा राखाडी रंग खरा असतो त्याहून फिका येतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक पायरी कमी ठेवावं, शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान, आणि फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात. फ्रेममध्ये शेजारचे दोन-तीन कुरव मुद्दाम येऊ द्यावेत. एकट्या पक्ष्याचा सुंदर फोटो ओळखीच्या कामात बऱ्याचदा निरुपयोगी ठरतो.

डिसेंबर: परवानगीचा अर्ज आणि मोठे कुरव

जानेवारीत, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतीय उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे. आम्हाला त्यासाठी एका पक्षी अभयारण्याच्या हद्दीत होडी न्यायची होती आणि त्याला वनविभागाच्या वन्यजीव शाखेची लेखी परवानगी लागते. अर्ज २ डिसेंबरला दिला. साध्या कागदावर, मराठीत, दोन प्रतींत. त्यात हे असावं: गणनेचा उद्देश, तारीख आणि पर्यायी तारीख, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राची स्वसाक्षांकित प्रत, गाडीचा क्रमांक, सोबतच्या साहित्याची यादी, आणि नियम पाळण्याचं हमीपत्र. कॅमेऱ्यांची संख्या स्पष्ट लिहावी, कारण छायाचित्रणाचं शुल्क वेगळं आकारलं जातं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. पुढे फोनवर चौकशी करताना त्या क्रमांकाशिवाय अर्ज शोधणं कुणालाच जमत नाही.

पत्र २३ डिसेंबरला हातात आलं. अटी अपेक्षित होत्या: सूर्योदयाआधी प्रवेश नाही, ड्रोन नाही, वनरक्षक सोबत, आणि गणनेचा तक्ता कार्यालयाला द्यायचा. पर्यायी तारीख दिलेली होती याचा फायदा झाला, पहिल्या तारखेला वनरक्षक दुसऱ्या कामावर होते. या तीन आठवड्यांत हाताशी वेळ होता, तो मोठ्या कुरवांना दिला.

मोठ्या पांढऱ्या डोक्याच्या कुरवांवर खूप वाद आहेत आणि ते योग्यच आहेत. आपल्या किनाऱ्यावर प्रामुख्याने येतो तो ह्यूग्लिनचा कुरव. त्याच्या जोडीला स्टेपी कुरव, आणि क्वचित कॅस्पियन. ई-बर्डच्या यादीत ह्यूग्लिन आणि स्टेपी हे दोन्ही लेसर ब्लॅक-बॅक्ड गलचे गट म्हणून येतात, कॅस्पियन स्वतंत्र जात म्हणून. ह्यूग्लिनची वीण रशियाच्या उत्तर टोकाच्या टुंड्रात, स्टेपीची उत्तर कझाकस्तान आणि नैऋत्य सैबेरियात. हा भूगोल पाठ असावा, कारण ओळखीची एक मोठी खूण त्यातून निघते.

ती खूण म्हणजे पिसं बदलण्याची वेळ. कुरवाच्या पंखात मोजता येण्याजोगी दहा प्रायमरी पिसं, म्हणजे टोकाकडची लांब उड्डाणपिसं असतात. सर्वांत आतलं पहिलं, सर्वांत बाहेरचं दहावं. पिसं आतून बाहेर या क्रमाने बदलतात. उत्तरेकडे, उशिरा वीण करणाऱ्या ह्यूग्लिनचं हे काम उशिरा संपतं. डिसेंबरअखेर आणि पुढेही अनेक प्रौढांची बाहेरची दोन-तीन पिसं अर्धवट वाढलेली दिसतात, पंखाचं टोक आखूड आणि बोथट वाटतं. स्टेपीचं काम बहुतेकदा आधी उरकतं. म्हणून डिसेंबरात उडत्या प्रौढाचा फोटो मिळाला की नववं आणि दहावं पीस किती वाढलंय ते मोजायचं. एकट्या याच खुणेवर नाव द्यायचं नाही, दोन्हींच्या वेळा एकमेकींत मिसळतात.

दुसरी खूण पाठीचा रंग. ह्यूग्लिन सर्वांत गडद, पाटीच्या दगडासारखा. स्टेपी त्याहून थोडा फिका. कॅस्पियन स्पष्ट फिका राखाडी. इथे सगळे फसतात ते उजेडामुळे. तोच पक्षी तोंड फिरवून उभा राहिला की दोन छटा बदलतो. तुलना करायची ती एकाच दिशेला तोंड करून, एकाच उजेडात बसलेल्या पक्ष्यांची, आणि ढगाळ सकाळ असेल तर फारच छान. तिसरी खूण डोकं: हिवाळ्याच्या मध्यावर ह्यूग्लिनच्या डोक्या-मानेवर बारीक तपकिरी रेघा असतात, स्टेपीच्या रेघा मुख्यतः मानेच्या मागच्या बाजूला, कॅस्पियनचं डोकं जवळजवळ शुभ्र. कॅस्पियनचा डोळा लहान आणि गडद वाटतो, चोच लांब आणि समांतर कडांची, पाय फिके आणि लांब. चौथी खूण दहाव्या आणि नवव्या पिसावरचे मिरर. या चारही खुणा एकाच पक्ष्यात जुळल्या तर नाव लिहावं. तीनच जुळल्या तर ‘मोठा पांढऱ्या डोक्याचा कुरव’ एवढं लिहायची सोय ई-बर्डवर आहे आणि ती मनापासून वापरावी. आमच्या डिसेंबरच्या याद्यांमध्ये निम्म्याहून अधिक मोठे कुरव असेच बिननावाचे आहेत. ज्यांना पुढे कुणी या फोटोंवरून काम करायचं आहे, त्यांना चुकीच्या नावापेक्षा असा पक्षी कितीतरी जास्त उपयोगी.

पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यातल्या ठिपकेदार तपकिरी पिल्लांच्या मागे सुरुवातीला लागू नये. मोठ्या कुरवांना प्रौढ व्हायला चार वर्षं लागतात आणि प्रत्येक वर्षाचा पेहराव वेगळा. अपवाद एकच, पल्लासचा कुरव. तो इतका मोठा आणि त्याची चोच इतकी जड असते की पिल्लूही कळतं: पांढऱ्याशुभ्र शेपटीच्या टोकाला रेखीव काळा पट्टा आणि पाठ लवकर राखाडी झालेली. प्रौढाच्या पिवळ्या चोचीवर लाल टोक आणि काळी आडवी पट्टी, डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या चंद्रकोरी. काळी टोपीही इतर कुरवांच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीतच येते.

मासळी बंदरांवर मोठे कुरव सर्वांत जवळून दिसतात. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, होड्या लागल्या की कुरव डोक्यावर घिरट्या घालतात आणि पंख उघडलेले फोटो भरपूर मिळतात, फक्त उजेड समोरचा असतो. कुठल्याही बंदरावर कॅमेरा काढण्याआधी विचारा. काही बंदरांवर सुरक्षेच्या कारणाने छायाचित्रणाला मनाई असते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली जात असेल तर बाजूला उभं राहावं, मदतीला हात लावला तर पुढच्या वेळी कुरव कुठे बसतात हे तेच लोक सांगतात.

जानेवारी: उजनी

उजनीच्या फुगवट्यावर हंस बघायचे तर कुंभारगाव आणि डिकसळचा परिसर. पुण्याहून सोलापूर रस्त्याने भिगवण शंभर किलोमीटरच्या आसपास, रेल्वेनेही जाता येतं. पहाटे साडेचारला पुणे सोडलं की उजाडताना पाण्यावर. होडीचे आम्ही हजार रुपये दिले. दर हंगामाप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलतो, आदल्या दिवशी फोनवर ठरवून घ्यावा. लाइफ जॅकेट मागून घ्या.

पट्टकादंबांचा दिवसक्रम कळला की शोध सोपा होतो. ते रात्री आणि पहाटे शेतात चरतात, उन्हं वर आली की पाण्याकाठी किंवा बेटांवर विसाव्याला येतात. धरणाचं पाणी उतरतं तसा काठचा गाळ उघडा पडतो आणि त्यावर गाळपेर होते, हरभरा, गहू. कोवळं पीक हंसांना आवडतं आणि त्यामुळे शेतकऱ्याचं नुकसान होतं, हे विसरून चालत नाही. बांधावरून चालण्याआधी मालकाला हाक मारावी. ‘काल संध्याकाळी कुठे उतरले होते?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याइतकं अचूक कुणी देत नाही.

होडीतून थव्याकडे सरळ जाऊ नये. तिरकं, थव्याला समांतर जावं, लांबूनच इंजिन बंद करून वल्ह्यांवर यावं. चरणाऱ्या हंसांच्या माना एकदम ताठ वर झाल्या की तिथेच थांबायचं. आणखी दहा मीटर गेलात तर थवा उठणार. हे पक्षी तिबेट, मंगोलिया, किरगिझस्तान इथून हिमालय ओलांडून येतात, उपग्रह-टॅग लावलेल्या पक्ष्याची ७,२९० मीटर उंचीपर्यंत नोंद झालेली आहे. त्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवायची असते. प्रत्येक विनाकारण उड्डाण त्यातून वजा होतं.

वेगळा हंस शोधायची पद्धत कंटाळवाणी आहे आणि दुसरी कुठली नाही. स्कोप ३० पटीवर ठेवून थवा डावीकडून उजवीकडे, एकेका डोक्यावर थांबत वाचायचा. प्रत्येक डोक्यावर दोन काळे पट्टे आहेत का, एवढाच प्रश्न. पट्टे नसलेलं डोकं सापडलं तर आधी पट्टकादंबाचं पिल्लू असेल असं धरायचं. त्याच्या डोक्यावर पट्टे नसतात किंवा पुसट असतात आणि मानेमागे गडद रंग उतरलेला असतो. मग चोच बघायची. पिल्लाची पिवळसर, कलहंसाची गुलाबी. पांढऱ्या कपाळाच्या हंसाची चोचही गुलाबी, पण पाय नारिंगी, चोचीच्या मुळाशी पांढरा पट्टा आणि प्रौढाच्या पोटावर काळे आडवे डाग. त्याच्या पिल्लाला पांढरं कपाळ आणि डाग दोन्ही नसतात, म्हणून पाय दिसेपर्यंत कलहंस म्हणायचं नाही. लहान पांढऱ्या कपाळाचा हंस, जो जगभरात धोक्यात आहे, त्याच्या डोळ्याभोवती ठळक पिवळं कडं असतं, चोच आखूड आणि मिटलेले पंख शेपटीच्या पुढे जातात. पुसट पिवळं कडं मोठ्या भावंडातही कधी दिसतं, त्यामुळे कड्यावर एकट्याने विसंबू नये.

१४ जानेवारीला सकाळी सव्वाआठला गाळाच्या पट्टीवर पट्टकादंबांच्या कडेला एक मोठा, एकसारखा राखाडी-तपकिरी हंस बसलेला होता. चोच गुलाबी. पाय चिखलाने माखलेले, रंग कळत नव्हता. पायांचा रंग ही हंसांमधली निर्णायक खूण आणि गाळपेरीत तीच सर्वांत आधी झाकली जाते. अशा वेळी पक्षी पाण्यात उतरेपर्यंत थांबायचं असतं, हाकलायचं नसतं. पाऊण तासाने थवा पाणी प्यायला उतरला आणि बाहेर येताना गुलाबी पाय स्वच्छ दिसले. ती पाऊण तासाची धाकधूक शब्दांत येत नाही. साडेनऊला थवा आपण होऊन उठला आणि फोटोत पंखाचा पुढचा भाग फिका, रुपेरी राखाडी आला. कलहंसाची ही उडतानाची सर्वांत भक्कम खूण.

नोंद, प्रश्न, आणि थांबणं

यादी त्याच दुपारी भरली. ई-बर्डवर प्रत्येक भागासाठी महिन्यागणिक एक चाळणी असते. त्या भागात न अपेक्षिलेली जात किंवा अपेक्षेपेक्षा मोठी संख्या लिहिली की तपशील मागितला जातो. आमच्या यादीत दोन्ही झालं, कलहंसासाठी आणि पट्टकादंबांच्या संख्येसाठी. संख्येच्या रकान्यात मोजण्याची रीत लिहावी. आम्ही लिहिलं की दहा-दहाचे गट करून स्कोपमधून दोनदा मोजले, मोठा आकडा न घेता दोन्हींची सरासरी लिहिली.

दुर्मीळ पक्ष्याच्या रकान्यात ‘फोटो आहेत’ एवढं लिहून थांबू नका. अंतर, उजेडाची दिशा, किती वेळ बघितला, शेजारच्या पट्टकादंबाच्या तुलनेत आकार, चोच, पाय, पोट, पंख या क्रमाने जे दिसलं ते, आणि शेवटी कुठली जात का नाही ते. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. आम्ही पांढऱ्या कपाळाच्या हंसाचं पिल्लू का नाही (पाय गुलाबी, नारिंगी नाहीत) आणि पट्टकादंबाचं पिल्लू का नाही (चोच गुलाबी, आकार मोठा) हे दोन ओळींत लिहिलं. फोटो मूळ फाइलमधून फक्त कापून दिले, रंग बदलले नाहीत.

१९ जानेवारीला तपासणाऱ्या स्वयंसेवकाचा मेल आला. प्रश्न एकच, आणि अगदी रास्त: पाळीव हंस नाही कशावरून? पाळीव हंसांचे दोन वंश असतात, एक कलहंसापासून आलेला आणि एक चोचीवर गाठ असलेल्या स्वान गूजपासून. कलहंसापासून आलेला पाळीव पक्षी दिसायला अगदी जवळचा असतो. फरक अंगकाठीत आहे. पाळीव पक्ष्याचं मागचं अंग जड, पोट खाली लोंबलेलं, मान जाड, बऱ्याचदा चोचीच्या मुळाशी किंवा पंखात पांढरी पिसं, आणि तो लांब उडत नाही. आमच्याकडे उड्डाणाचे लागोपाठचे फोटो होते, त्यात पक्षी थव्याबरोबर वर चढताना आणि वळताना दिसत होता. बाजूने उभा असलेला एक फोटोही दिला, ज्यात पोटाची रेघ सपाट दिसते. परिसरातल्या पाळीव हंसांची गावात चौकशी केली होती, तेही कळवलं. उत्तर त्याच रात्री गेलं.

मग शांतता. तपासणी होईपर्यंत नोंद आपल्या यादीत दिसते, पण नकाशावर आणि इतरांच्या शोधात येत नाही. तपासणारे विनामोबदला, नोकरी सांभाळून हे काम करतात. आठवण करून देणारा मेल पाठवायचा मोह होतो, पाठवू नये. ६ फेब्रुवारीला नोंद मान्य झाली.

मधल्या शनिवारी अभयारण्यातली गणना पार पडली. तिथे फक्त पट्टकादंब, चक्रवाक आणि बदकं होती. गणनेला एका जागेचा एक भाग एकानेच मोजायचा हे आधी ठरवून घ्या, नाहीतर उठलेला थवा दोन्ही तक्त्यांत येतो. पक्ष्यांची यादी ई-बर्डवर भरायची आणि जागेची माहिती (पाणी किती, जलपर्णी, मासेमारी, शिकारीच्या खुणा) वेगळ्या फॉर्ममध्ये. ती दुसरी बाजू बरेच जण सोडतात, आणि पुढे एखाद्या पाणथळीसाठी भांडायची वेळ आली की तीच हाताशी लागते. वनविभागाला तक्ता दिल्याची पोच ठेवली. पुढच्या वर्षीच्या अर्जाला ती जोडता येते.

थव्यात मानेला पट्टा किंवा पायात कडी असलेला पट्टकादंब दिसला तर पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं वरून खाली कशी आहेत, आणि अंगठी डाव्या पायात की उजव्या, हे सगळं जागेवर लिहून घ्या आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. फोटोत अक्षरं उलटसुलट वाचली जातात, वहीतली टीप तेव्हा कामाला येते.

मार्चमध्ये उजनीचे हंस कमी होत जातात. किनाऱ्यावर मात्र हाच काळ लहान कुरवांचा अभ्यास पक्का करायचा. प्रौढांची डोकी रंगत असतात, तेव्हा नोव्हेंबरमध्ये पंखावरून दिलेली नावं आता टोपीवरून तपासता येतात. एप्रिलनंतरही काही अपरिपक्व कुरव परत न जाता इथेच राहतात, पिसं झिजून जवळजवळ पांढरी झालेली. मे-जूनमध्ये एखादा असा दिसला तर पंख उघडलेला फोटो घ्या आणि जात कळत नसेल तर ‘कुरव’ एवढंच लिहा.